शक्ती कमी, कामं तेवढीच: जपावं की वाढवावं?

अंगात त्राण नसलेल्या माणसाला आपल्याकडे दोन सल्ले मिळतात, आणि अनेकदा एकाच घरातून मिळतात. एक जण म्हणतो, ‘जरा पडून राहा, जिवाला जप.’ दुसरा म्हणतो, ‘पडून राहिलीस तर आणखी गळून जाशील, ऊठ, हातपाय हलव.’ दोन्हींमागे माया असते आणि दोन्हींना वैद्यकशास्त्राचा आधारही आहे. गेल्या दीडशे वर्षांतला सगळा वाद याच दोन सल्ल्यांभोवती फिरतो आहे. अंघोळ, स्वयंपाक, भांडी, कपडे, मुलांचे डबे, बँकेतली खेप ही कामं टळत नाहीत. शक्ती मात्र कर्करोगाच्या उपचारांनी, नैराश्याने, हृदयविकाराने, रक्तक्षयाने किंवा कोविडनंतर रेंगाळलेल्या दुखण्याने आटलेली असते. मग उरलेली शक्ती पुरवून वापरायची, की थोडं थोडं काम वाढवत ती परत मिळवायची? या वादात कोण कुठे उभं आहे आणि काय अजून ठरायचं आहे, ते इथे पाहू.

विश्रांतीच्या सक्तीपासून स्वयंपाकघराच्या मोजमापापर्यंत

1869 मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर जॉर्ज बिअर्ड यांनी ‘न्यूरस्थेनिया’ हे निदान रूढ केलं. मज्जासंस्थेची ताकद संपते आणि माणूस गळून जातो, अशी त्यांची मांडणी होती. त्याच सुमारास फिलाडेल्फियाचे सायलस वेअर मिचेल सक्तीच्या विश्रांतीचा उपचार देऊ लागले: कित्येक आठवडे अंथरूण, भरपूर दूध, मालिश, वाचन-लेखन बंद. रुग्ण बहुतेक स्त्रिया. लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन यांनी हा उपचार स्वतः भोगला आणि 1892 मध्ये त्यावर कथा प्रसिद्ध केली. विश्रांतीही माणसाला मोडू शकते, हे त्या कथेने अनेकांच्या लक्षात आणून दिलं.

पुढे विचार वळला तो कारखान्याकडून. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने कामगारांच्या हालचाली चित्रित करून त्यातल्या अनावश्यक हालचाली गाळल्या. 1913 मध्ये क्रिस्टीन फ्रेडरिक यांनी हीच नजर घरकामावर वळवली, तर 1926 मध्ये वास्तुविशारद मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांनी फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी असं छोटं स्वयंपाकघर आखलं की त्यात कमीत कमी पावलं पडावीत. हे सगळं धडधाकट बायकांचा वेळ वाचवण्यासाठी होतं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात लिलियन गिलब्रेथ यांनी हृदयविकार असलेल्या स्त्रियांसाठी स्वयंपाकघराची रचना सुचवली, आणि कारखान्यातली पद्धत आजारी माणसाच्या कामी आली. व्यवसायोपचार, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, या शाखेने ती पुढे नेली. भारतात ही शाखा 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाली. ती सुरू करणाऱ्या कमला निंबकर जन्माने अमेरिकन, लग्नानंतर महाराष्ट्राच्या झालेल्या. आजारी माणसाला पुन्हा स्वतःची कामं करता आली पाहिजेत, हे उपचाराचं उद्दिष्ट त्यांनी इथे रुजवलं. त्यांचं नाव आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे, याची खंत वाटते.

जपून वापरणारे

या बाजूचं म्हणणं असं: शक्ती आज आहे तेवढीच आहे असं धरा आणि काम तिच्यात बसवा. कामं आधी आखा, महत्त्वाची निवडा, दमण्याआधी थांबा, उभ्याने होणारं काम बसून करा. ऐकताना हे साधं वाटतं, पण तपशिलात शिरलं की यातली अक्कल कळते. शरीराला शांत बसण्यासाठी जेवढी शक्ती लागते तिला एक मानलं, तर ओट्याशी उभं राहून स्वयंपाक करायला साधारण दोन ते साडेतीन पट लागते आणि हाताने कपडे धुवायला सुमारे चौपट. म्हणून ओट्याजवळ उंच स्टूल ठेवणं ही क्षुल्लक गोष्ट नाही. दम्याच्या किंवा फुप्फुसाच्या जुन्या आजाराच्या रुग्णाला हात खांद्यांच्या वर नेऊन केलेलं काम विशेष जड जातं, त्यामुळे केस विंचरणं आणि दोरीवर कपडे वाळत घालणं त्याला जिना चढण्याइतकं दमवू शकतं. दोरी छातीच्या उंचीवर आणली की तेच काम जमतं. अंघोळीचंही असंच आहे. बादली-तांब्याची आपली बसून अंघोळ करण्याची रीत उभ्याने शॉवर घेण्यापेक्षा कमी दमवते, पण बुटक्या पाटावरून उठताना सगळी कमाई जाते. पाटाऐवजी गुडघ्याच्या उंचीचं प्लास्टिकचं स्टूल घेतलं तर दोन्ही साधतं. विळीवर बसून भाजी चिरणाऱ्या आजींनाही हाच सल्ला: चिरणं खुर्चीवर, टेबलाशी, आणि जमलं तर आदल्या संध्याकाळी.

दीर्घ आजारातल्या थकव्यासाठी 1990 च्या दशकात सहा आठवड्यांचा असा एक शिक्षणक्रम तयार झाला, आणि मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांवरच्या, 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने थकव्याचा त्रास कमी होतो असं दिसलं. कर्करोगाच्या रुग्णांवरच्या 2004 च्या चाचणीत फायदा झाला, पण माफक, आणि रोजची कामं करण्याच्या क्षमतेत मात्र एकूण फरक पडला नाही. या निष्कर्षाकडे मी वाचकांचं लक्ष मुद्दाम वेधतो. थकवा कमी वाटणं आणि कामं जास्त होणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संशोधक बहुधा पहिलीच मोजतात.

दीर्घ आजारी माणसांच्या स्वतःच्या बोलीत या विचाराला 2003 मध्ये एक उपमा मिळाली. ल्युपस असलेल्या क्रिस्टीन मिझरँडिनो यांनी मैत्रिणीला समजावताना हातात चमचे दिले: दिवसाचे एवढेच, आणि उठणं, अंघोळ, कपडे घालणं, प्रत्येकाला एक चमचा जातो. ही उपमा जगभर पसरली, कारण बाहेरून न दिसणाऱ्या व्याधीचा हिशेब तिने घरच्यांसमोर मांडता येईल असा केला.

वाढवत नेणारे

दुसऱ्या बाजूचा मुख्य पुरावा शरीरशास्त्रातला आहे. 1966 मध्ये डॅलस इथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवलं, तेव्हा त्यांची शारीरिक क्षमता धक्कादायक घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. त्या तीन आठवड्यांनी केलेलं नुकसान तीस वर्षांच्या वयवाढीपेक्षा जास्त होतं. पडून राहण्याची किंमत इतकी असते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णाला लवकर उठवून चालवण्याची आजची रीत याच प्रकारच्या संशोधनातून आली.

कर्करोगातल्या थकव्यावर 2017 मध्ये शंभराहून अधिक चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला. व्यायाम आणि मानसोपचार हे दोन्ही औषधांपेक्षा अधिक उपयोगी ठरले. केमोथेरपी घेणाऱ्या माणसाला चालायला सांगणं निर्दय वाटतं, पण पुरावा त्याच बाजूने आहे.

नैराश्यात हा विचार आणखी स्पष्ट होतो. तिथे उत्साह आला की काम करू, असं म्हणून चालत नाही. काम थोडं आधी सुरू करावं लागतं, उत्साह मागून येतो. 1970 च्या दशकात पीटर लुइन्सन यांनी मांडलेल्या या उपचाराचं एक उत्तम उदाहरण आपल्या शेजारी, गोव्यात आहे. ‘संगत’ संस्थेने विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या पुढाकाराने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याच्या 495 रुग्णांवर चाचणी घेतली. मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत रुग्णांबरोबर छोटी, जमतील अशी कामं ठरवली आणि त्यांचा पाठपुरावा केला. तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आलेल्यांचं प्रमाण 64 टक्के होतं. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात ते 39 टक्के होतं. 2017 मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. या विषयावरचं इतकं चांगलं काम कोकणीत आणि मराठीत बोलणाऱ्या माणसांबरोबर झालं, याचा अभिमान वाटावा.

वाद पेटला तो आजार

आतापर्यंतच्या दोन्ही बाजू आपापल्या आजारांत सुखाने नांदू शकतात. त्या समोरासमोर आल्या ‘एमई’ किंवा ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ या आजारात. 1955 मध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात कर्मचाऱ्यांमध्ये एक साथ आली, त्यातून ‘एमई’ हे नाव निघालं. 1988 मध्ये अमेरिकेत दुसरं नाव आणि व्याख्या आली. या आजाराचं खास लक्षण म्हणजे श्रमानंतरची घसरण: थोडं जास्त काम झालं की काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी माणूस कोसळतो, आणि ते दिवसचे दिवस टिकतं. 2015 मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने हेच लक्षण निदानाच्या केंद्रस्थानी आणलं.

ब्रिटनमध्ये 641 रुग्णांवर ‘पेस’ नावाची मोठी चाचणी झाली आणि 2011 मध्ये तिचे निष्कर्ष आले. टप्प्याटप्प्याने वाढवलेला व्यायाम आणि बोधात्मक वर्तनोपचार यांनी सुधारणा होते, तर शक्ती जपून वापरायला शिकवणारा उपचार नेहमीच्या वैद्यकीय देखभालीपेक्षा सरस ठरत नाही, असं संशोधकांनी सांगितलं. 2013 च्या लेखात व्यायामाच्या गटातले 22 टक्के रुग्ण बरे झाल्याचं म्हटलं होतं. रुग्णसंघटनांनी निकष मध्येच सैल केल्याचा आक्षेप घेतला. न्यायाधिकरणाच्या आदेशानंतर 2016 मध्ये मूळ माहिती खुली झाली. 2018 मधल्या फेरविश्लेषणात आधी ठरलेले निकष लावल्यावर बरं होण्याचं प्रमाण एक आकडी निघालं आणि गटांमधला लक्षणीय फरक उरला नाही. मूळ संशोधकांनी बदललेले निकष योग्यच होते असं उत्तर दिलं. तिकडे शक्ती जपण्याच्या बाजूचे म्हणतात, की चाचणीत जे ‘जपणं’ शिकवलं ते रुग्ण प्रत्यक्षात करतात तसं नव्हतं.

उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2007 मध्ये वाढत्या व्यायामाची शिफारस केली होती. 2021 च्या ऑगस्टमध्ये नव्या सूचना अखेरच्या क्षणी थांबवल्या गेल्या आणि ऑक्टोबरमध्ये बाहेर आल्या. ठरावीक पायरीने वाढवत नेणारा व्यायाम या आजारावर उपचार म्हणून देऊ नये, शक्तीचं नियोजन शिकवावं, असं त्यात आहे. मूळ चाचणीचे प्रमुख पीटर व्हाइट आणि अनेक सहकाऱ्यांनी 2023 मध्ये या सूचनांमागची पुराव्याची पारख सदोष असल्याचं लिहिलं. हा मतभेद आजही मिटलेला नाही.

कोविडने तो आणखी लोकांच्या दारात आणला. नेदरलँड्समध्ये 2024 च्या अभ्यासात दीर्घ कोविडच्या 25 रुग्णांच्या स्नायूंत श्रमानंतर बिघाड वाढलेले दिसले. त्याच वर्षी ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या आढाव्याने मात्र दीर्घ कोविडमध्ये देखरेखीखालचं पुनर्वसन आणि वर्तनोपचार बहुधा उपयोगी पडतात असं सांगितलं. माझ्या मते दोन्ही खरे असू शकतात, कारण ‘दीर्घ कोविड’ या एका नावाखाली अनेक प्रकारचे रुग्ण आहेत. काहींची शक्ती पडून राहिल्याने गेलेली असते, काहींना श्रमच बाधतात.

आपल्याकडचा थकवा

पाश्चात्त्य वाद वाचताना एक गोष्ट सतत खटकते. त्यात थकलेल्या माणसाचा दिवस त्याच्या स्वतःच्या हातात आहे, असं गृहीत धरलेलं असतं. जिच्याकडे पहाटे पाच वाजता पाणी येतं आणि अर्ध्या तासात जातं, तिला ‘दमण्याआधी थांबा’ कसं सांगायचं? हंडे भरून झाल्यावर डबे, डबे झाल्यावर शेत किंवा कामावर जाणं. कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर हे ठरवण्याचा अधिकार तिला नाही. 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं विनामोबदला काम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी 289 मिनिटं त्यावर घालवतात असं दिसलं, तेच काम करणारे पुरुष 88 मिनिटं. मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळण्याचा वेळ यात धरलेला नाही.

शिवाय आपल्याकडे थकव्याचं एक साधं, मोजता येणारं कारण सर्वत्र आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या निघाल्या, महाराष्ट्रात 54.2 टक्के. श्रीलंकेच्या चहामळ्यांतल्या मजुरांवर 1979 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लोहाच्या गोळ्यांनी पानं खुडण्याचं प्रमाण वाढलं आणि कामाबाहेरची हालचालही वाढली. इथे जपावं की वाढवावं हा प्रश्नच पडत नाही. आधी लोह द्यावं. फ्रान्समधल्या 2012 च्या चाचणीत तर हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा कमी असलेल्या, थकलेल्या स्त्रियांना लोह दिलं. त्यांचा थकवा जवळपास निम्म्याने उतरला. खोट्या गोळ्या घेणाऱ्यांचा तो 29 टक्क्यांनी उतरला, हेही नोंदवायला हवं.

पण सगळा दोष रक्ताला देऊन मोकळं होता येत नाही, हे पुन्हा गोव्यानेच दाखवलं. पटेल आणि सहकाऱ्यांनी 18 ते 50 वयाच्या सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी करून 2005 मध्ये निष्कर्ष मांडले. 12 टक्के स्त्रियांना सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा होता. त्याचा सर्वांत घट्ट संबंध मानसिक अस्वास्थ्याशी होता, आणि कर्ज, कमी शिक्षण, घरात स्त्री म्हणून सोसावं लागणारं दुय्यमपण यांच्याशीही. हिमोग्लोबिनशी संबंध आढळला नाही. याचा अर्थ रक्तक्षय निरुपद्रवी आहे असा नव्हे. बाई डॉक्टरांना ‘अशक्तपणा आलाय’ म्हणते तेव्हा ती बहुतेक वेळा एकाहून जास्त गोष्टी सांगत असते, एवढं त्यातून निश्चित कळतं. आपल्या दवाखान्यांत या तक्रारीला उत्तर म्हणून टॉनिकची बाटली किंवा सलाइन मिळतं. या अभ्यासाला वीस वर्षं होऊनही तसंच चालू आहे, आणि ते थांबायला हवं.

काम कमी करणं, काम सोपवणं

इथे तिसरी भूमिका येते. ती वैद्यकाच्या पुस्तकांत कमी आणि घराघरांत जास्त सापडते. शक्ती जपू नका, वाढवूही नका, आधी काम कमी करा. अमेरिकेतल्या समुपदेशक के. सी. डेव्हिस यांनी 2022 च्या पुस्तकात मांडलं, की भांडी पडून राहणं हा चारित्र्याचा दोष नाही. घर आपल्यासाठी असतं, आपण घरासाठी नाही. आपल्या समाजात हे म्हणणं सोपं नाही. सणाला पुरणपोळी विकत आणली म्हणून अजूनही टोमणे ऐकावे लागतात.

तरी व्यवहार पुढे गेला आहे. शहरांत आणि तालुक्याच्या गावांत पोळीभाजी केंद्रं गल्लोगल्ली आहेत, घरपोच डबे आहेत. आजारी माणसाच्या दृष्टीने पोळ्या विकत आणण्याने रोजचं सर्वांत दमवणारं, उभ्याने, आचेजवळ होणारं काम एका फटक्यात वजा होतं. थकवा व्यवस्थापनाच्या कुठल्याही पुस्तिकेत मराठी घरासाठी हा पहिला सल्ला असायला हरकत नाही.

पण सोपवलेलं काम नाहीसं होत नाही. ते दुसऱ्या कुणाच्या अंगावर जातं. भांडी घासायला येणाऱ्या बाई स्वतः रक्तक्षयाच्या असू शकतात, आणि त्यांच्या घरची भांडी संध्याकाळी त्यांनाच घासायची असतात. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा 2008 मध्ये झाला, तरी आजारपणाची भरपगारी सुट्टी हा त्यांच्यासाठी अजूनही मालकिणीच्या मर्जीचा प्रश्न आहे. आणि घरातच काम वाटून घ्यायचं म्हटलं तर 289 विरुद्ध 88 हा आकडा समोर उभा राहतो. यावर औषध नाही, वाटणी बदलणं हाच उपाय आहे.

अजून न सुटलेलं

थकवा मोजणारी रक्ततपासणी नाही, सारं काही प्रश्नावलीवर आणि रुग्णाच्या सांगण्यावर चालतं. त्यामुळे चाचणीत कोणता उपचार चालू आहे हे रुग्णाला माहीत असतं तेव्हा उत्तरांवर त्याचा किती परिणाम होतो, हा आक्षेप दोन्ही बाजूंच्या संशोधनाला लागू पडतो. कोणत्या रुग्णाला हालचालीने बरं वाटेल आणि कोणाला ती बाधेल, हे आधीच सांगणारी खात्रीची खूणही हाती नाही. सध्या उपलब्ध असलेली सर्वांत उपयोगी माहिती म्हणजे दुसरा आणि तिसरा दिवस. नैराश्यात किंवा पडून राहिल्याने आलेल्या अशक्तपणात काम केल्यावर जडपणा येतो, पण दोन दिवसांनी माणूस थोडा पुढे असतो. श्रमानंतर घसरण होणाऱ्या आजारात तो मागे गेलेला असतो. हा फरक ओळखल्याशिवाय दिलेला कोणताही सल्ला धोक्याचा आहे, मग तो कितीही मायेचा असो.

तोवर वाचकांना एवढं सांगणं आहे. थकवा काही आठवडे टिकला तर हिमोग्लोबिन, लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी, थायरॉइड, साखर आणि बी-12 डॉक्टरांना विचारून तपासून घ्या. मन उदास राहत असेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. डॉक्टरांकडे जाताना नुसतं ‘अशक्तपणा वाटतो’ असं न सांगता कोणतं काम केलं, किती वेळाने त्रास झाला आणि तो किती दिवस टिकला, हे दोन आठवडे लिहून न्या. आणि घरात असं कुणी थकलेलं असेल तर बाकीच्यांनी ‘काही मदत हवी का’ असं विचारत न बसता त्या माणसाचं निदान एक रोजचं काम, पाणी भरणं असो की कपडे वाळत घालणं, कायमचं आपल्याकडे घ्यावं.